एका चेंडूवर दोघे

माझे धाकटे दीर लिफ्टची दुरुस्ती करत. लिफ्ट वरखाली नेण्यात काही मोठेपणा नाही, ते काम मोटर करते, असे त्यांचे म्हणणे. मोठेपणा थांबवण्यात. लिफ्टची जमीन आणि मजल्याची जमीन एका रेषेत आली पाहिजे. बोटभर खाली राहिली तर म्हातारे माणूस ठेचकाळते, बोटभर वर राहिली तर आजाऱ्याची ढकलखुर्ची अडते. कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी भावजी लिफ्टच्या दारात थांबून बुटाचा तळवा त्या फटीवरून सरकवून बघणार आणि मगच आत पाऊल टाकणार. मागे माणसे खोळंबली तरी बेहत्तर. इतर लोक खिशाला पेन लावतात, तिथे यांची छोटीशी पाणसळ. नळीतला बुडबुडा मधोमध येऊन थांबला की यांचा चेहरा खुलायचा. माझ्या घरातले जेवणाचे टेबल, फ्रिज, कपाटे, सगळे त्यांनी पाणसळ लावून ठाकठीक केलेले आहे. माझे यजमान म्हणत, हा पठ्ठ्या एक दिवस आपल्याला झोपेतही सरळ करून जाईल.

लिफ्टमध्ये माणूस अडकतो तो सवड बघून अडकत नाही. सुट्टीच्या दिवशी तर हमखास. भावजी ताटावरून उठून जायचे. लेकीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, तिचे नाव पुकारायच्या आधी हे पिशवी घेऊन बाहेर. एकदा दोघे समुद्रावर निघाले होते, बसमध्ये बसलेसुद्धा होते, तिथून परत आले. माझ्या जावेने, म्हणजे धाकटीने, कधी तोंडातून शब्द काढला नाही. ती दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात पेशंटांची नावे पुकारायला बसायची, तिथून घरी यायची आणि यांच्या ताटावर झाकण ठेवायची. बोलली नाही म्हणजे लागले नाही, असे मात्र समजू नये. आम्ही जावा एकाच घरात वर-खाली राहतो. जिन्यावरून उतरणाऱ्या पावलांवरून मला कळते कोण रागावले आहे ते.

भावजी निवृत्त झाले तेव्हा कंपनीच्या मॅनेजरांनी आपली जुनी गोल्फची पिशवी त्यांना देऊन टाकली. मॅनेजरांची कंबर गेली होती. कालव्यापलीकडे नगरपालिकेचे नऊ होलचे मैदान आहे, थोडे पैसे भरले की कुणीही खेळावे. भावजी पहिले काही दिवस एकटे गेले, मग एका रविवारी सकाळी धाकटीला म्हणाले, चल, आता मला कुणी बोलावणार नाही. ती कापडी बूट घालून निघाली. तिला खेळ आवडेल असे आम्हा कुणालाच वाटले नव्हते, बहुधा तिलाही नाही. पण तेव्हापासून त्यांचा रविवार कधी चुकला नाही. डॉक्टरांनी मला चालायला सांगितले आहे, म्हणून त्यांच्या मागून चहाचा थर्मास घेऊन मीही चालते. खेळ मला येत नाही, पण आता कळतो.

या मैदानावर दरवर्षी जोड्यांची स्पर्धा होते. जोडीत चेंडू एकच. एकाने मारायचा, तो जिथे जाऊन पडेल तिथून दुसऱ्याने, मग पुन्हा पहिल्याने, असे करत चेंडू होलमध्ये पडेपर्यंत. जितके कमी फटके तितके चांगले. ऐकायला हे फार प्रेमाचे वाटते. प्रत्यक्षात काय होते ते मी पाहिले आहे. भावजींना लांब मारायचा षौक. पिशवीतली सगळ्यांत लांब काठी, तिला ड्रायव्हर म्हणतात, ती घेऊन ते असा फटका ठेवून द्यायचे की बघणाऱ्यांनी मान वर करावी. चेंडू लांब जायचा यात शंका नाही. पण कुठे जायचा? कधी झुडपात, कधी ओढ्याच्या उतारावर, कधी वाळूच्या खड्ड्यात. मग पाळी धाकटीची. तिची चण लहान, खांदे नाजूक. झुडपात वाकून दोन-तीनदा हाणायची, चेंडू हातभर सरकायचा आणि भावजी लांबून 'च्च' करायचे. नुसते 'च्च'. त्यापेक्षा शिवी बरी.

गेल्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांची जोडी शेवटून पहिली आली. यंदा स्पर्धेची नावे देण्याची यादी बंद व्हायच्या महिनाभर आधी दातांच्या डॉक्टरीणबाईंनी धाकटीला विचारले, माझ्या जोडीला येतेस का. त्या स्वतः चांगल्या खेळतात आणि धाकटीचा मधल्या अंतरावरचा फटका त्यांनी पाहिलेला होता. धाकटीने भावजींना माझ्यासमोरच सांगितले, बहुधा साक्षीदार असावा म्हणून.

"ज्या रविवारी दुपारी यादी बंद होते, त्या सकाळी आपण खेळू. नऊ होल एकोणसाठात झाले तर मी तुमच्याबरोबर. नाही झाले तर डॉक्टरांबरोबर. आणि मग रविवारीही त्यांच्याबरोबरच जाईन, सराव लागेल ना."

दोघांचा आकडा तेव्हा सत्तरच्या आसपास घोटाळत असे. भावजी हसले. मग तिच्याकडे बघून हसायचे थांबले. त्यांच्या लक्षात आले की स्पर्धा गेली खड्ड्यात, इथे रविवार पणाला लागला आहे.

आता दहा-बारा फटके कमी करायचे तर सराव कशाचा करायचा, हा प्रश्न त्यांनी ज्याला-त्याला विचारला. वयात आलेल्या मुलीला जशी गल्लीतली प्रत्येक बाई स्थळ सुचवते, तसे झाले. मैदानावरचा हिशेबनीस म्हणाला कंबर फिरवा. लेकीने फोनवरून योगासने सांगितली. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने गुडघ्याचा पट्टा विकला. भावजींनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि जे आवडत होते तेच केले, म्हणजे सराव पट्टीवर जाऊन टोपलीभर चेंडू ड्रायव्हरने बडवले. चेंडू आणखी लांब जाऊ लागले. पुढच्या रविवारी झुडपेही आणखी लांबची मिळाली. धाकटी तिथून बाहेर आली तेव्हा तिच्या बाहीला काटे होते, ते तिने घरी पोचेपर्यंत एकेक करून काढले.

मग त्यांनी मैदानावरच्या मास्तरांना गाठले. मास्तर म्हणाले, निम्मे फटके तुम्ही होलच्या जवळ घालवता, पटरचा सराव करा. पटर म्हणजे चेंडू हळूच ढकलायची काठी. हे भावजींना पटले, कारण यात थांबवण्याचे काम होते. वरच्या मजल्यावरची लाकडी जमीन कुरकुरते म्हणून त्यांनी सरावासाठी माझा जेवणघरातला लांब गालिचा निवडला. गालिच्याच्या टोकाला एक पेला आडवा ठेवला. पहिलाच चेंडू पेल्याला वळसा घालून फ्रिजखाली गेला. दुसराही. भावजींनी खिशातून पाणसळ काढली, जमिनीला लावली आणि माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच इतकी वर्षे घर तिरके धरून बसले होते.

"वहिनी, तुमची जमीन फ्रिजकडे उतरते."

"उतरू दे. माझा काही तिथे चेंडू पडत नाही."

पण ऐकतील तर ना. जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठे, पातळ फळ्या असे काय काय आणून त्यांनी गालिच्याखाली सारले. गुडघे टेकून, गाल जमिनीला लावून, दोन दिवस खपून गालिचा असा सपाट केला की बुडबुडा कुठेही ठेवा, मधोमध. मी जेवायला बसायचे ते खुर्ची स्वयंपाकघरात नेऊन. दुपारी माझी वामकुक्षी चालू असताना टक, मग सरसर, मग पेल्यात खण. आठवड्याने खण चुकेनासा झाला. धाकटी जिन्यात उभी राहून बघून गेली. वर जाताना पावले हलकी होती.

रविवारी पहिल्या होलभोवतीच्या कापलेल्या हिरवळीवर भावजी मोठ्या रुबाबात चेंडूमागे उभे राहिले. टक. चेंडू सरळ निघाला, मग हळूच डावीकडे वळला आणि होलला न विचारता खाली उतरून गेला. दुसऱ्या हिरवळीवर उजवीकडे. तिसरी मधे फुगलेली, तिथे चेंडू दोन्हीकडे जाऊ शके आणि त्याने तसे करूनही दाखवले. मैदानावर हिरवळी मुद्दामच चढ-उताराच्या केलेल्या असतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण जन्मभर ज्या माणसाने प्रत्येक तिरकी गोष्ट आधी सपाट केली आणि मग तिच्यावर पाय ठेवला, त्याला तसेच सुचणार. भावजी खाली वाकले, हात खिशाकडे गेला. धाकटी म्हणाली, "ती बाहेर काढलीत तर मी इथूनच घरी जाईन." त्यांनी हात मागे घेतला. त्या दिवशीचा आकडा मी सांगत नाही.

गालिच्याखालचे सामान त्यांनी निमूटपणे काढून नेले. मी म्हटले, राहू द्या, आता मला सवय झाली. पण त्यांचे लक्ष नव्हते. दोन रविवार उरले होते आणि त्यांतला एक धाकटीच्या खांद्याने खाल्ला. झुडपातले हाणणे अंगाशी आले होते. हाडवैद्यांनी आठवडाभर हात हलवायचा नाही म्हणून बजावले.

भावजी म्हणाले, तर मग मी एकटाच खेळतो, सराव तरी होईल. धाकटी म्हणाली, मी येते बघायला, पण खेळायचे ते जोडीचे नियम पाळून. तुमचा फटका तुमच्या काठीने, माझा फटका माझ्या काठीने. तिच्या काठ्या आखूड आणि हलक्या. आणि वर एक अट: माझ्याइतकाच जोर लावायचा, जास्त नाही.

त्यांनी हसत कबूल केले. पहिल्या होलवर झकास ड्रायव्हर लावला. चेंडू ओढ्याच्या उतारावर. आता तिची पाळी, म्हणजे यांचीच. तिची आखूड काठी घेऊन ते उतारावर उतरले. एक पाय वर, एक पाय खाली, समोर गवत कमरेएवढे. तिच्या जोराने मारला तर चेंडू गवतातून बाहेरही येईना. धाकटी वर काठावर उभी राहून एका हाताने चहा पीत होती. दुसऱ्या होलवर झुडूप. टोपी काट्याला अडकली. तिसऱ्यावर वाळू. चौथ्यापर्यंत त्यांचे हसणे संपले होते. पाचव्यावर ते पुन्हा ओढ्यात उभे होते, मोज्यापर्यंत चिखल, आणि वर न बघता त्यांनी विचारले,

"अगं, तू दर वेळी इथून मारत होतीस?"

"नाही, हेलिकॉप्टरमधून."

मला हसू आवरेना. पण भावजी हसले नाहीत. ते तसेच चिखलात उभे राहून वर, जिथून त्यांनी चेंडू मारला होता तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी नुसता माझा फटका बघत होतो. तू कुठे उभी राहशील ते बघतच नव्हतो." धाकटीने थर्मासचे झाकण घट्ट लावले, पुन्हा काढले आणि त्यांच्यासाठी चहा ओतला. ओढ्यातून बाहेर यायला तिने चांगला हात पुढे केला.

उरलेल्या होलांवर त्यांनी खेळ सोडून चौकशी आरंभली. तुला कुठून मारायला आवडते? या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ तयार होते, कुणी विचारले नव्हते इतकेच. आपल्या फाटकापासून औषधाच्या दुकानापर्यंत जेवढे अंतर आहे, तेवढ्यावर होल असला आणि पायाखाली सपाट गवत असले, तर तिचा चेंडू दहातून आठदा हिरवळीवर जातो. त्याहून लांब नको आणि फार जवळही नको, जवळून तिचा हात घाबरतो. हे तिने असे सांगितले, जसे आपण पाहुण्याला चहात साखर किती ते सांगतो.

त्यानंतरचा आठवडाभर भावजींनी एकच सराव केला. ड्रायव्हर माझ्याकडे दाराआड उभा करून ठेवला, मोह नको म्हणून. मधल्या लांबीची एक काठी घेऊन ते सकाळ-संध्याकाळ सराव पट्टीवर जात आणि एका ठरावीक जागी चेंडू टाकत. दिसायला अगदी मिळमिळीत. शेजारच्या पट्टीवरचे तरुण लोक ढगाला भोक पाडत होते आणि हे आपले चेंडू जमिनीवर ठेवल्यासारखे ठेवत होते. एकाने विचारले, काका, तब्येत बरी नाही का? ते म्हणाले, औषधाच्या दुकानापर्यंतच जायचे आहे. तो बिचारा आणखीच काळजीत पडला.

मला मात्र त्यांच्या खांद्यांकडे बघून कळत होते की हे काम त्यांच्या ओळखीचे आहे. चेंडू किती लांब गेला याचे त्यांना काही वाटेनासे झाले होते. तो थांबला की ते मान तिरकी करून बघत, एखादे म्हातारे माणूस आता तिथे उतरणार आहे असे.

शेवटचा रविवार उजाडला. धाकटीचा खांदा मोकळा झाला होता. डॉक्टरीणबाई मैदानाच्या कचेरीबाहेर बाकावर बसून होत्या, कारण यादी त्या दिवशी दुपारी बंद व्हायची होती आणि त्यांना जोडीदार हवी होती. त्यांनी धाकटीला शुभेच्छा दिल्या. कुठल्या बाजूने दिल्या ते कळले नाही.

खेळ शांतपणे झाला. भावजी चेंडू ठेवत होते, धाकटी तिथे जाऊन उभी राहत होती आणि सपाट गवतावरून हिरवळीवर चढवत होती. झुडपात कुणी गेले नाही. दोनदा हिरवळीच्या उताराने दगा दिला, एकदा धाकटीने वाळूत घातला. ओढ्यापाशी आल्यावर दोघे एकमेकांकडे न बघता पुढे गेले. मध्ये कधीतरी त्यांचे बोलणे सुरू झाले होते, मी मागून चालत होते म्हणून तुकडे ऐकू येत. लेकीकडे कधी जायचे, वरच्या खिडकीची काच, असले. आठ होल झाले तेव्हा आकडा पंचावन्न होता. नवव्यावर चार फटके, की एकोणसाठ.

नवव्यावर पहिला फटका भावजींचा. त्यांनी ठेवला, फाटकापासून औषधाच्या दुकानाएवढ्या अंतरावर. धाकटीने मारला, चेंडू हिरवळीवर. भावजींनी उतार दोन्ही बाजूंनी चालून पाहिला, मग पटरने ढकलला. चेंडू वळत वळत आला आणि होलच्या हातभर अलीकडे थांबला. राहिला तो एक फटका, धाकटीचा. जवळचा. तिने दोनदा श्वास घेतला, काठी मागे नेली आणि मला कळले की तिचा हात घाबरला आहे. चेंडू होलच्या काठाला लागून पलीकडे गेला.

मी भावजींकडे पाहिले. ते पुढे झाले, चेंडू आत ढकलला, वाकून उचलला, सदऱ्याला पुसला आणि तिच्या हातात दिला. तोंडातून कसलाही आवाज नाही.

आम्ही कचेरीकडे आलो. डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या आणि किती झाले म्हणून विचारले. धाकटी तोंड उघडणार तोच भावजी म्हणाले, "साठ. शेवटी मी ढकललेला अपुरा राहिला." मग काठ्यांची पिशवी खांद्यावरून उतरवून त्यांनी तिच्या काठ्या वेगळ्या काढायला घेतल्या. तिला आता त्या डॉक्टरीणबाईंबरोबर लागणार होत्या. एकेक काठी पुसून बाकाला टेकवून उभी करत होते. आवाज कोरडा होता, हात मात्र सावकाश चालले होते.

धाकटीने थोडा वेळ ते बघितले. "ठेवा त्या आत," ती म्हणाली. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून, "डॉक्टर, तुम्ही दुसरी कुणी बघा. मी ह्यांच्याबरोबर खेळते."

"अगं, पण साठ झाले ना?"

"हो. एकोणसाठ झाले असते तर तुम्हाला सांगायला मला सोपं गेलं असतं."

डॉक्टरीणबाईंनी तिला इतकी वर्षे पेशंटांना सांगताना ऐकले होते की आज वेळ नाही, उद्या या. तो आवाज त्यांना ओळखू आला असावा. त्यांनी वाद घातला नाही. एवढेच म्हणाल्या की मग मला महिनाभर ताटकळत कशाला ठेवलेस. आणि आजूबाजूला नजर फिरवून माझ्यापाशी थांबल्या. मी घाईने सांगितले की मला फक्त थर्मास धरता येतो.

भावजी अजून एक काठी हातात धरून उभे होते. त्यांना वाटत होते की यात काहीतरी चूक आहे आणि ती आपणच दाखवून द्यायला हवी. "पण साठ झालेत," ते पुन्हा म्हणाले.

"मोजता येतं मला. चला, नाव द्यायचं आहे."

कचेरीतल्या हिशेबनिसाने नाव लिहून घेतले आणि विचारले, पहिल्या होलवर सुरुवात कोण करणार. सुरुवात जो करतो त्याला एक, तीन, पाच असे एकाआड एक पहिले फटके येतात. भावजी म्हणाले ती करेल. ती म्हणाली हे करतील. हिशेबनीस पेन धरून बसला. शेवटी त्याने दोघांना बाहेर जाऊन ठरवून यायला सांगितले.

ते बाहेर बाकावर बसले. पाचव्यावर ओढा आहे, तिथे तुम्ही पहिला मारा, पण ठेवून मारा, ती सांगत होती. मग सातव्यावरही मलाच येईल, तिथे तुझा फटका बरा, ते म्हणत होते. तिने बोटांवर मोजत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दुपार व्हायला वेळ होता. मी आणि डॉक्टरीणबाईंनी थर्मासमधला उरलेला चहा वाटून घेतला.